खारे वारे सुटायच्या आधी : राजबागच्या गोल्फ मैदानावर बाबांबरोबर चार दिवस

निघण्याआधी

माझे बाबा 71 वर्षांचे आहेत आणि बेळगावला राहतात. मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार मेजर म्हणून निवृत्त झाले. गोल्फची ओळख त्यांना फौजेत झाली, पण खेळाडू म्हणून नाही. हवालदार असताना एका छावणीत मैदानाची देखभाल त्यांच्याकडे आली. गवत किती आखूड ठेवायचं, ग्रीनला, म्हणजे भोकाभोवतीच्या हिरवळीला, पाणी कधी द्यायचं, बंकरात, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, कुठली वाळू भरायची, हे सगळं ते करता करता शिकले. पुढे एका साहेबांनी बदलीवर जाताना आपली जुनी सात नंबरची आयर्न, म्हणजे लोखंडी पात्याची काठी, त्यांना देऊन टाकली आणि बाबा खेळायला लागले. त्याच साहेबांनी त्यांना सांगितलं होतं, की हा खेळ मुळात समुद्रकाठच्या वाळूवरचा. ते बाबांच्या मनात घर करून राहिलं. "मी राखली ती सगळी मैदानं मातीवरची. वाळूवरचं एकदा पायाखाली घ्यायचंय," असं ते दरवर्षी एकदा तरी म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा डावा गुडघा बदलला. त्यानंतर हे वाक्य ते म्हणेनासे झाले. तेव्हा मी ठरवलं, की आता हे आपण करायचंच. मी फोंड्याला राहते, फिजिओथेरपिस्ट आहे. गोल्फ मला जेमतेम येतो. पण गुडघा मला कळतो आणि गोवा मला कळतो.

समुद्रकाठच्या अशा मैदानाला लिंक्स म्हणतात. टेकाड, उंचवटा अशा अर्थाच्या एका जुन्या इंग्रजी शब्दावरून ते नाव आलं. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर समुद्र आणि शेतजमीन यांच्यामध्ये वाळूच्या टेकड्यांचा पट्टा असतो. तिथे पीक येत नाही, मेंढ्या चरतात, आणि पाऊस पडला तरी पाणी लगेच खाली जिरतं. त्या निरुपयोगी जमिनीवर लोक खेळू लागले. इतके खेळू लागले, की 1457 मध्ये स्कॉटलंडच्या पार्लमेंटनं गोल्फवर बंदी घातली, कारण त्यापायी धनुर्विद्येचा सराव मागे पडत होता. ही गोष्ट बाबांना फार आवडते. "फौजेचं आणि गोल्फचं नातं इतकं जुनं आहे," असं ते नातवाला सांगतात.

गोव्यात अठरा होलचं, म्हणजे अठरा भोकांचं आणि तेवढ्याच टप्प्यांचं, मोठं मैदान शोधायला निघालात तर निराशा पदरी येईल. इथे आहेत ती छोटी मैदानं, तीही बहुतेक दक्षिण गोव्यातल्या मोठ्या हॉटेलांची. बाणावलीला ताज एक्झॉटिकामध्ये नऊ होलचं पिच अँड पट आहे, म्हणजे आखूड फटक्यांचं. मोबोरला, साळ नदी आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या जिभेवर, पूर्वी लीला होतं आणि आता सेंट रेजिस आहे. तिथलं मैदान बारा होलचं, सगळे पार-3, म्हणजे तीन फटक्यांत संपावेत असे आखूड. आणि काणकोणला राजबागेत, तळपण नदीच्या मुखाजवळ, द ललितचं नऊ होलचं मैदान आहे. प्रत्येक होलला दोन टी, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागा, आहेत, त्यामुळे तीच नऊ होल दुसऱ्या फेरीत वेगळ्या जागेवरून खेळून अठरा पुरी करता येतात. बाबांना ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब फटक्याचा क्लब, मारायचा होता. पार-3 वर ड्रायव्हर पिशवीतच राहतो. म्हणून मोबोर गाळलं, बाणावलीला हात मोकळे करायचे आणि मुक्काम राजबागला करायचा, असं ठरलं.

सगळीकडे आधी फोन करा, हा माझा पहिला सल्ला. मुक्कामाला नसलेल्यांना खेळू देतात का, मैदानावर फिरायची गाडी मिळते का, क्लब, म्हणजे काठ्या, भाड्यानं मिळतात का, त्या दिवशी मैदान मोकळं आहे का, हे चार प्रश्न विचारायलाच हवेत. मी आधी एका ठिकाणी खोल्या धरल्या होत्या, तर त्याच तारखांना तिथे मोठं लग्न निघालं आणि हिरवळीवर मांडव पडणार होता. माघातले मुहूर्त लक्षात घेतले नव्हते, ती माझी चूक. मग तारखाच बदलल्या, शनिवार-रविवार टाळले, मंगळवार ते शुक्रवार धरले.

नव्या तारखा मी कालनिर्णय समोर ठेवून काढल्या. आमच्या आजीचा हिशोब होता : तिथीची पाऊणपट करावी, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा वाजता, दशमीला साडेसातला. कोकणात सगळे जुने लोक हे जाणतात. मिनिटाला बरोबर येत नाही, पण किनाऱ्यावर बाबांना ओल्या, घट्ट वाळूवरून चालवायचं होतं, कोरड्या भुसभुशीत वाळूवरून नाही, आणि त्यासाठी एवढा अंदाज पुरतो. बदललेल्या गुडघ्याला मऊ वाळूत पाऊल रुतवून वळणं सगळ्यात वाईट.

डॉक्टरांनी परवानगी दिली होतीच. तरी दोन महिने आधीपासून मी बाबांकडून मांडीच्या आणि नितंबाच्या स्नायूंचे व्यायाम फोनवर करून घेत होते. उजव्या हातानं खेळणाऱ्याचा फटका मारून झाल्यावर सगळा भार पिळवटत डाव्या गुडघ्यावर येतो, आणि बाबांचा नेमका तोच बदललेला. त्यावर उपाय साधा आहे. उभं राहताना डावा चवडा निशाणाच्या दिशेनं थोडा जास्त उघडा ठेवायचा, बुटांना टोकदार खिळे नकोत, आणि फटक्यानंतर उजवी टाच मोकळी उचलू द्यायची. म्हणजे पाऊल जमिनीत रुतून वर शरीर फिरतं तेव्हा होणारी पिळवणूक कमी होते. बाबांनी बेळगावच्या अंगणात आयर्न घेऊन महिनाभर हेच घटवलं.

मंगळवार : फोंडा, बाणावली, काब द राम

बाबा आदल्या दिवशी चोर्ला घाटातून आले. सोबत अर्धा सेट होता, सात क्लब. नियमानं चौदा चालतात, पण बाबा म्हणतात, सातांत ज्याचं भागत नाही त्याचं चौदांतही भागत नाही. आमचे हे कामामुळे येऊ शकले नाहीत. आठवीतल्या लेकानं शाळेतून चार दिवसांची सुट्टी काढली.

सकाळी बोरीचा पूल ओलांडून मडगावमार्गे बाणावली. तिथे एक फेरी झाली, फक्त वेज (आखूड, उंच फटक्याचा क्लब) आणि पटर (ग्रीनवर चेंडू घरंगळवायचा क्लब) घेऊन. ही फेरी मुद्दाम ठेवली होती. गाडीतून उतरून थेट मोठ्या मैदानावर ड्रायव्हर उगारणं कुणाच्याच गुडघ्याला बरं नाही. छोट्या फटक्यांत शरीराला लय सापडते. लेकाला मी स्टेबलफोर्डचे गुण शिकवले : पारला, म्हणजे त्या होलच्या ठरलेल्या फटक्यांना, दोन, एक फटका जास्त झाला तर एक, एक कमी लागला तर तीन, आणि दोन किंवा अधिक फटके जास्त झाले तर शून्य घेऊन पुढच्या होलला चला. फ्रँक स्टेबलफोर्ड नावाच्या डॉक्टरनं ही पद्धत काढली, 1932 मध्ये इंग्लंडात वॉलसीच्या क्लबवर तिची पहिली स्पर्धा झाली. तेही समुद्रकाठचंच मैदान, आणि तिथला वारा चांगल्या चांगल्यांचा हिशोब बिघडवायचा. एका होलवर दहा फटके गेले तरी उरलेला खेळ वाया जात नाही, यासाठी घरच्या मंडळींना हीच पद्धत उत्तम.

दुपारी जेवून दक्षिणेकडे निघालो. हमरस्त्यानं करमल घाटातून लवकर पोचलो असतो, पण असोळण्याचा पूल ओलांडून बेतुलवरून काब द रामचा रस्ता धरला. वेळ असेल तर हाच धरावा. बेतुलला साळ नदी समुद्राला मिळते. पलीकडे मोबोरचं टोक दिसतं, इतकं जवळ की हाक ऐकू जाईल, आणि तरी रस्त्यानं वळसा घालूनच जावं लागतं. पुढे जांभ्याचं उघडं पठार लागतं. बाबांनी गाडी थांबवायला लावली, खाली वाकून एक खडा उचलला. "यावर मैदान करायचं म्हणजे हत्तीचं काम. पाणी वरून धावत जाईल, आत जिरणारच नाही." गोवा म्हणजे वाळू असं बाहेरच्यांना वाटतं. खरं तर गोवा बराचसा जांभा आहे, वाळू म्हणजे त्याची कडेची किनार.

काब द रामच्या किल्ल्यावर, म्हणजे जुन्या खोलगडावर, तटावरून समुद्र बघितला. सौंदेकर राजांचा हा किल्ला पोर्तुगीजांकडे गेला आणि नंतर त्याचा तुरुंग झाला. पायऱ्या खडबडीत आहेत, गुडघ्यासाठी मी बाबांना अर्ध्यावरच थांबवलं. ते कुरकुरले, पण थांबले.

सूर्यास्ताच्या सुमारास राजबाग.

बुधवार : पहिली फेरी, आणि माझी चूक

मी वेळ धरली होती सकाळी साडेदहाची. विचार असा, की बाबा आरामात उठतील, व्यायाम करतील, नाश्ता पोटात उतरेल. रुग्णाच्या दृष्टीनं हे अगदी बरोबर होतं. मैदानाच्या दृष्टीनं साफ चुकीचं.

पहिल्या टीवर बाबा उभे राहिले तेव्हा वारा पडलेला होता. समोर सुरूची झाडं, त्यांच्या मधून समुद्राचा तुकडा. बाबांनी काही न बोलता खाली वाकून कडेच्या रफमधलं, म्हणजे वाढू दिलेल्या पट्ट्यातलं, गवत चिमटीत धरलं. "हरळी," म्हणाले. मग लेकाकडे वळून : "गणपतीला वाहतो ना, ती दुर्वा. जगभरचे गोल्फवाले हिला बर्म्युडा म्हणतात आणि पैसे मोजून लावतात."

मला हे माहीत नव्हतं. घरी येऊन पडताळलं. सायनोडॉन डॅक्टिलॉन, दुर्वा आणि बर्म्युडा गवत एकच. स्कॉटलंडच्या लिंक्सवर फेस्क्यू नावाचं बारीक, ताठ गवत असतं. त्याला थंड हवा लागते, आणि त्यावर चेंडू टप्पा खाऊन घरंगळत लांबवर जातो. आपल्या उकाड्यात ते टिकणार नाही. इथे हरळीच्या जाती लावतात, किंवा खाऱ्या पाण्यालाही दाद न देणारं पास्पॅलम. ही गवतं चेंडूला धरून ठेवतात. म्हणून माझं प्रामाणिक मत सांगते : गोव्यातलं लिंक्स हे वाळूच्या आणि वाऱ्याच्या बाबतीत लिंक्स आहे, गवताच्या बाबतीत नाही. जमिनीलगत सरपटवलेला लांब फटका इथे तितकासा धावत नाही. ते डोक्यात ठेवून या, म्हणजे हिरमोड होणार नाही.

पहिली तीन होल छान गेली. बाबांचा ड्रायव्हर जेमतेम दीडशे यार्ड जातो, पण सरळ जातो. दर फटक्यानंतर मी चेंडूकडे बघतच नव्हते, त्यांच्या डाव्या पावलाकडे बघत होते. चवडा उघडा, टाच मोकळी. महिनाभराचं घटवणं अंगात उतरलं होतं. लेकाचे दोन चेंडू झुडपात गेले. शोधायला आता तीनच मिनिटं मिळतात, 2019 पासून. पूर्वी पाच होती. त्याच वर्षापासून नवा चेंडू जमिनीवर सोडायचा तोही गुडघ्याच्या उंचीवरून. बाबा हात खांद्याच्या रेषेत ताठ धरून उभे राहिले, फौजेत शिकले तसे, तेव्हा लेकानं त्यांना थांबवून नवा नियम सांगितला. बाबांनी हात खाली आणला, आपल्या गुडघ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं झालं, याला पण काम मिळालं."

चौथ्या होलवर सुरूची टोकं हलायला लागली. मैदानावर काम करणारे एक काणकोणचे गृहस्थ पाइप गुंडाळत होते. त्यांनी मान वर करून म्हटलं, "वारें सुटलां. आतां सांजमेरेन थांबचें ना."

आणि खरंच तसंच झालं. शाळेच्या भूगोलात आपण सगळ्यांनी पाठ केलेलं असतं : दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते, समुद्रावरची थंड हवा आत येते, ते खारे वारे. रात्री उलट, जमिनीकडून समुद्राकडे, ते मतलई वारे. एवढं पाठ असून मी साडेदहाची वेळ धरली. पाचव्या होलवर समुद्राच्या बाजूला खेळायचं होतं. बाबांची सात नंबरची आयर्न नेहमी एकशेदहा यार्ड जाते. तो चेंडू छान उडाला, वर चढला, हवेत थांबल्यासारखा झाला आणि त्यांच्यापासून सत्तर पावलांवर पडला. पुढचा फटका उजवीकडे वाहून गेला. लेकाचा चेंडू तर सुरूच्या पलीकडेच. चेंडू असतो 46 ग्रॅमांच्याही आत, वाऱ्यानं त्याचं ऐकावं असं त्यात काय आहे?

माझा जीव खालीवर होत होता. कारण वाऱ्याविरुद्ध माणूस हटकून जोर लावतो, आणि जोर लावला की गुडघा पिळतो. मी म्हटलं, "बाबा, बास करूया का?"

बाबांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी पाच नंबरची आयर्न काढली, चेंडू उजव्या पावलाकडे घेतला, मूठ दोन बोटं खाली धरली आणि कमरेपर्यंतच मागे नेऊन हलकेच मारला. चेंडू माणसाच्या उंचीवरून, शिटी घातल्यासारखा, वाऱ्याखालून गेला. ग्रीनच्या तोंडाशी थांबला.

"वारा असला की हळू मारायचं," ते लेकाला म्हणाले. "जोरात मारलं की चेंडू जास्त फिरतो, फिरला की वर चढतो, वर चढला की वाऱ्याच्या हातात सापडतो."

ताशी पंधरा-सोळा किलोमीटरच्या समोरच्या वाऱ्याला एक क्लब मोठा घ्यावा, म्हणजे एक नंबर खाली यावं, असा ढोबळ हिशोब सांगतात; नंबर लहान तितका फटका लांब. बाबांनी तिथे दोन क्लब मोठे घेतले आणि अंगातली ताकद अर्धी केली. गुडघ्याला याहून चांगलं औषध मी लिहून दिलं नसतं. त्यानंतरची चार होल ते असेच खेळले, आखूड, बुटके फटके. ग्रीनच्या बाहेरूनही पटर. गुण फार पडले नाहीत. सहाव्यावर एक शून्य, आठव्यावर एक. पण मी त्यांना इतकं एकाग्र गेल्या दोन वर्षांत पाहिलं नव्हतं.

फेरी संपल्यावर ते त्या पाइपवाल्या गृहस्थांकडे गेले आणि तासभर तिथेच बसले. ते कोंकणीत, हे बेळगावी मराठीत. समुद्राकडच्या बाजूची पानं टोकाशी का करपतात, खारं तुषार धुवायला गोडं पाणी केव्हा मारावं, वाळूत खत का टिकत नाही आणि म्हणून थोडं थोडं का द्यावं लागतं. मी शहाळी आणून दिली. मला मध्ये बोलायचं काही कारण नव्हतं.

रात्री चावडीच्या बाजारातल्या एका छोट्या खाणावळीत शीत-कडी, तळलेला बांगडा आणि तिसऱ्यांचं सुकं. दुसऱ्या दिवशी एकादशी होती, म्हणून बाबांनी बांगडे दोन घेतले.

गुरुवार : मतलई वारा

सकाळी सव्वासात. सूर्य नुकता वर आला होता, गवत दवानं भिजलेलं. वारा होता, पण पाठीमागून, डोंगराकडून समुद्राकडे, अंगाला गार लागणारा. कालचंच मैदान, कालच्याच ग्रीन, आणि सगळं उलटं. काल जिथे पाच नंबर लागली तिथे आज नऊ नंबर पुरत होती. काल डावीकडे निशाण धरायचं होतं, आज सरळ.

कालचे गृहस्थ आज आपणहून बरोबर चालत होते. एका टीवर बाबा फटक्याच्या तयारीत असताना त्यांनी हळूच म्हटलं, "मात्शे रावात." आम्ही थांबलो. एक झुळूक आली, झाडांतून गेली, निवली. "आतां मारात." बाबांनी मारला. मग पुढच्या टीवर बाबांनीच हात वर करून लेकाला थांबवलं. तिघं मिळून झाडांकडे बघत उभे. फटक्याआधी वाट बघणं हाही खेळाचाच भाग आहे, हे मला तिथे समजलं.

पाचवं होल आलं. बाबांनी सात नंबर काढली, तीच जुनी, साहेबांची. मूठ तीनदा बदललेली, पातं झिजलेलं. चेंडू उंच गेला, पाठच्या वाऱ्यानं त्याला आणखी थोडं नेलं, ग्रीनवर पडला आणि निशाणापासून आठ-नऊ फुटांवर राहिला. एक पट, म्हणजे पटरचा फटका, चुकला, दुसरा गेला. पार. काल त्याच होलवर शून्य होतं.

त्यांनी चेंडू भोकातून काढला तो खाली न वाकता, पटरच्या मागच्या टोकाला लावलेल्या रबरी वाटीनं. ती मी दिली होती. मग ते ग्रीनच्या मागे वाळूच्या उंचवट्यापर्यंत चालत गेले. मी हाताला धरायला गेले, त्यांनी धरू दिलं. उंचवट्यावर जांभळी फुलं आलेली मर्यादवेल पसरली होती. ही वेल आपली मुळं वाळूत जागोजाग रोवत जाते आणि वाळू जागेवर धरून ठेवते. समुद्राची मर्यादा म्हणून मर्यादवेल. बाबा बराच वेळ तिच्याकडे बघत होते. "आधी ही असणार," म्हणाले, "मग गवत. हिनं वाळू धरली नसती तर गवताला जागाच मिळाली नसती." स्कॉटलंडच्या टेकड्यांवर हेच काम दुसऱ्या कुठल्या गवतानं केलं असेल. पण ज्यासाठी ते आले होते ते त्यांना दिसलं होतं, हे मला त्यांच्या हाताच्या पकडीवरून कळलं.

दुसरी नऊ होल खेळायची नाहीत हे मी आधीच ठरवलं होतं, उपास होता म्हणून. साबुदाण्याची खिचडी मी डब्यात करून आणली होती. मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी दर दोन होलला पाजत होते. वयस्कर माणसाला तहान उशिरा लागते. फेब्रुवारीतल्या किनाऱ्यावर वारा घाम वाळवून टाकतो आणि पाणी कमी पडलंय हे लक्षातच येत नाही. साडेनऊला आम्ही खोलीवर होतो. वारा फिरायच्या आत.

क्लब गोड्या पाण्यानं पुसून कोरडे केले. हे रोज करा, खाऱ्या हवेत लोखंडाला दोन दिवसांत तांबेरा धरतो.

संध्याकाळी गालजीबागला. राजबागहून तळपण नदी ओलांडली की हा किनारा, सुरूच्या बनामागे लपलेला. ऑलिव्ह रिडले कासवं इथे अंडी घालतात, साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत. वनखात्याची माणसं घरटी जाळीनं राखतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि पिल्लं बाहेर यायला पन्नासेक दिवस लागतात. वाळू जास्त गरम असेल तर माद्या जास्त निपजतात, कमी गरम असेल तर नर. लेकाला हे ऐकून राहवेना, त्यानं वाळूत हात खुपसून बघितलं, मग माझ्याकडे बघून पटकन बाहेर काढला. जाळीपासून आम्ही चांगले लांब होतो.

आम्हाला पिल्लं दिसली नाहीत. पण अंधार पडताना तिथे उभं राहून एक विचार मनात पक्का झाला, तो लिहितेच. ही पिल्लं घरट्यातून बाहेर आली की उजेडाकडे धावतात, आणि मोकळ्या किनाऱ्यावर तो उजेड म्हणजे समुद्राची चमक. मागे हॉटेलाचे दिवे असले की ती उलटी जमिनीकडे जातात. गोव्यात गोल्फच्या नावानं लोकांच्या कपाळाला आठी पडते ती उगाच नाही. तेरेखोलच्या गावकऱ्यांनी गोल्फ रिसॉर्टच्या प्रकल्पाला विरोध केला तो आपल्या जमिनीसाठी आणि काजूच्या झाडांसाठी, आणि मला तो पटतो. मैदानाला पाणी लागतं, जमीन लागते. आहेत तेवढी छोटी मैदानं पुरेत. नऊ होल दोनदा खेळावीत. आणि दिवे लावून रात्री खेळायची हौस समुद्रकाठी कुणी करू नये.

बाबा म्हणाले, "मैदान राखणाऱ्याला हे आधी शिकवलं पाहिजे."

शुक्रवार : परतीचा दिवस

द्वादशी. पारणं फेडून आठ वाजता फक्त पटर घेऊन अर्धा तास. गुडघ्याला थोडी सूज होती, फार नाही. बर्फ लावला, पाय उशीवर ठेवून तासभर पडायला लावलं. कुणी गुडघा बदललेल्या माणसाला घेऊन येणार असेल, तर परतीचा दिवस असा मोकळाच ठेवा. तीन दिवस सलग मोठ्या मैदानावर खेळण्याचा बेत करू नका.

पाइपवाल्या गृहस्थांना बाबांनी आपला पिच-फोर्क दिला, ग्रीनवरचे खळगे बुजवायचा छोटा पितळी चिमटा, फौजेतला. त्यांनी बाबांना घरची खोला मिरची दिली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. जाताना दोघांनी हात मिळवला नाही. दोघेही जाऊन एकदा ग्रीन बघून आले.

वाटेत पर्तगाळ मठात कुशावतीच्या काठी दहा मिनिटं थांबलो, मग करमल घाट, बाळ्ळी, मडगाव. घाटात बाबा झोपले. कुंकळ्ळीजवळ जागे झाले आणि डोळे न उघडताच लेकाला म्हणाले, "दिवाळीच्या सुट्टीत अष्टमी-नवमी कधी येते बघ रे."

लेकानं फोन काढला. बाबा म्हणाले, "नको, त्यात नको. घरी भिंतीवर आहे त्यात बघू."

फोंड्याला पोचल्यावर बूट न काढता ते स्वयंपाकघरात गेले. कालनिर्णयची पानं उलटली, चष्मा वर केला आणि तिथीची पाऊणपट करत बोटांवर मोजायला लागले.